कुठंतरी पाणी मुरतंय

बेलेंमला दुपारचा पाऊस घड्याळ लावून येतो.
भेट ठरवताना आम्ही विचारतो,
पावसाआधी, की पावसानंतर?
अशा गावात मला एक कोरडी गोष्ट करायची होती.

वहीत लिहिलेलं: काचेची भांडी रात्रभर भट्टीत.
ठेवली.
ईथर सोडियमच्या तारेवर.
होता.
नळीच्या तोंडाशी कॅल्शियम क्लोराइड, दोन कापसांच्या मध्ये.
तेही.
मॅग्नेशियमचं कात्रण, ब्रोमोबेंझिन थेंबाथेंबानं,
आणि मग काहीच नाही.

शेजारी जान्दिराचा चंबू
केव्हाच राखाडी होऊन गुरगुरत होता.
माझं कात्रण तळाशी चमकत पडलेलं,
बाजार उठल्यावर ओट्यावर राहतात तशी खवलं.
आयोडीनचा खडा टाकला.
त्याचा तपकिरी रंग तसाच तरंगत राहिला.
प्राध्यापिका लुसिनेइदे जाता जाता म्हणाल्या,
कुठंतरी पाणी मुरतंय.

मुरणारच.
इथं डबीतल्या मिठाचं ढेकूळ होतं,
चपलांना बुरशी चढते,
वहीची पानं शिळ्या पावासारखी लिबलिबतात.
माझ्या मनगटावर घाम, श्वासात वाफ,
आणि हे ग्रीन्यारचं द्रावण
पाण्याला पाण्यात पाहतं.
गाठ पडली की होत्याचं नव्हतं,
पुन्हा नुसतं बेंझिन,
निघालो होतो त्याच्याही दोन पावलं मागे.

सेउ वाल्दोमिरो एकतीस वर्षं इथं काच धुतात.
पलीकडच्या बेटावरून रोज बोटीनं येतात,
सदऱ्याला डिझेलचा वास.
त्यांनी माझं पाणी जोखलं बहुधा.
काही न बोलता
भट्टीतून एक काचकांडी काढली, निवू दिली,
आणि तळाचं एक कात्रण दाबलं,
वर्गात पेंगणाऱ्याला चिमटा काढावा तसं.
मग बूच लावून, वरची नळी उघडी ठेवून
चंबू दोन्ही तळव्यांत धरला.

ईथर पस्तिसाला उकळतो.
माणूस सदतिसाचा.
एवढंच गणित होतं
आणि मला ते सुचलं नव्हतं.

आधी एका चिरेतून बुडबुड्यांचा दोरा सुटला.
तपकिरी रंग गेला. गढूळलं.
मग आपलं आपणच उकळू लागलं
आणि त्यांनाच हात काढावे लागले.

कोरडा बर्फ आइस्क्रीमच्या गोदामातून आणलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, बसनं.
अर्धा वाटेतच उडून गेला, तिकीट न काढता.
उरला त्यावर सगळं ओतलं.
धूर वर गेला नाही,
टेबलावरून खाली ओघळला,
आमच्या बुटांभोवती थोडा वेळ घुटमळला.

आणि मग,
दिवसभर ज्याला उंबऱ्याबाहेर थोपवलं
त्यालाच आत घ्यायचं: पाणी, आम्ल घातलेलं.
हे वहीत होतंच, सातव्या ओळीत.
मी सहावीपर्यंतच वाचलं होतं.
पाण्यावाचून ते सुटत नाही,
उकळत्या पाण्यावाचून शुद्ध होत नाही,
आणि शेवटी निवताना नुसतं बघत बसावं लागतं.
साडेसातला सुया पडल्या.
पांढऱ्या. फार नाहीत.

वितळबिंदू एकशे एकोणीस ते एकवीस.
पुस्तकात एकशे बावीस.
उतारा चौतीस टक्के.
बाकीचं कुठं गेलं हेही लिहावं लागतं:
काही बायफिनाइल झालं, भावकीतच सोयरीक करून बसलं.
काही पाण्यानं नेलं.
काही माझ्या बाहीला लागलं,
ते लिहिलं नाही.

सेउ वाल्दोमिरो ग्वारानाची बाटली पीत होते.
लेबलावर बोट ठेवून म्हणाले,
सोडियम बेंझोएट. हे तुझंच ना?
मी म्हटलं, त्याचं मीठ.
ते म्हणाले, मग टिकेल,
आणि शेवटची बोट गाठायला निघाले,
हात खिशात घालून.

मी सुया डबीत भरल्या.
झाकण दोनदा पिळून घट्ट केलं.
कशाला, कोण जाणे.
आता पाण्याचं भय नव्हतं.